वरून चौथी पायरी

“अहो, रंगाचा वास येतोय!” मी स्वयंपाकघरातून ओरडले.

“येऊ दे. जाईल तासाभरात,” हे शिडीवरून म्हणाले.

“कसला जातोय! अकराला ती येणार. ती काय नाक घरी ठेवून येणार आहे?”

हे रंग फासतच राहिले. डोक्याला जुना टॉवेल गुंडाळलेला, मान छताकडे, आणि ब्रशचे थेंब मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर टपटप पडताहेत. वरच्या बाथरूमच्या बरोबर खाली, बैठकीच्या छताला बशीएवढा पिवळा डाग होता. तो झाकायचं काम चाललं होतं. बत्तीस वर्षं या माणसाने दुसऱ्यांच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर नाक वर करून म्हटलं, “नव्या रंगाचा वास? म्हणजे काहीतरी झाकलंय.” घरी येऊन जेवताना मला सांगायचे आणि हसायचे. काय वेडे लोक असतात, म्हणे, डागापेक्षा डागावरचा रंग आधी दिसतो. आणि आता स्वतःच शिडीवर! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

आमचे हे बँकांसाठी घरं तपासायचे. कोणी कर्ज काढून घर घ्यायला निघालं की बँक यांना पाठवायची. हे जाऊन घरभर हिंडायचे, बोटांच्या पेरांनी भिंती वाजवायचे, नळ सोडून बघायचे, सिंकखाली डोकं घालायचे. ऑफिसात सगळे यांना ‘टकटक साहेब’ म्हणत. यांच्या कागदावर दोन रकाने असत. एक ‘किरकोळ’, दुसरा ‘दुरुस्ती आवश्यक’. किरकोळमध्ये काहीही असलं तरी कर्ज मिळतं. आवश्यकमध्ये एक ओळ आली, की ती दुरुस्ती होईपर्यंत सगळं अडलं. कुठलं कशात घालायचं याचं यांचं एक वाक्य होतं, ते मला पाठ आहे. “जे डोळ्याला खुपतं ते किरकोळ. ज्याने माणूस पडतो, भाजतो किंवा भिजतो, ते आवश्यक.”

नातेवाइकांकडे गेलं तरी हात स्वस्थ बसत नसत. माझ्या बहिणीने नवीन बाथरूम केलं तेव्हा कौतुकाने दाखवायला नेलं, तर यांनी चार फरश्या वाजवल्या आणि म्हणाले, “पोकळ आहेत.” ती सहा महिने माझ्याशी बोलत नव्हती. माझ्याशी! वाजवल्या यांनी, भोगलं मी.

आता हे निवृत्त होऊन सात महिने झाले होते, आणि आमचंच घर विकायला निघालं होतं. कारण माझे गुडघे. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर झोपायची खोली आणि बाथरूम, मध्ये चौदा पायऱ्या. डॉक्टर म्हणाले, जिना सोडा. हे म्हणाले, हळूहळू चढत जा. गेला हिवाळाभर मी बहुतेक रात्री खाली सोफ्यावरच झोपले. मग बहिणीच्या गल्लीत तळमजल्याचं एक घर निघालं, दोन खोल्यांचं, दारातून आत गेलं की संपलं, एकही पायरी नाही. मालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो, पुढे नाही. आमचं घर घ्यायला एक शिक्षक जोडपं तयार होतं, पण त्यांचं कर्ज व्हायला पाहिजे आणि त्यासाठी बँकेचा कागद पाहिजे. महिना संपायला नऊ दिवस राहिले होते. मला त्या दोन खोल्या हव्या होत्या. आयुष्यात मी फार काही हट्टाने मागितलं नाही, पण एवढं मागत होते.

“आणि कठडा?” मी विचारलं.

“कठड्याचं काय?”

“हलतोय तो.”

“किरकोळ आहे,” हे म्हणाले आणि ब्रश डब्यात बुडवला.

हे ‘किरकोळ’ मी अकरा वर्षं ऐकत होते. अकरा वर्षांपूर्वी मोठं कपाट वर चढवताना त्याचा कोपरा लाकडी कठड्यावर आपटला आणि वरचा खांब मुळातून ढिला झाला. हात ठेवला की अख्खा कठडा जिन्याबाहेर झुकायचा. “रविवारी बघतो,” हे म्हणाले. अकरा वर्षांत रविवार किती होतात ते मी एकदा मोजलं होतं. पाचशे बहात्तर. एकदा मी सुतार बोलावला, तर यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. “मी घरात असताना सुतार कशाला?” म्हणे. अहो, पण तुम्ही घरात असता कुठे? आणि असलात की म्हणता, दिवसभर लोकांच्या भिंती बघून आलोय, आता आपल्याही बघू का? दमलेला माणूस असं म्हणाला की पुढे काय बोलणार? मी एकतीस वर्षं दवाखान्यात औषधांच्या खिडकीत उभी राहिले, मलाही दमणं म्हणजे काय ते माहीत आहे. पण माझा स्वयंपाक कधी रविवारवर गेला नाही.

रंग छतालाच संपला. जिन्याची भिंतही रंगवायचा बेत होता, कारण ती फार मळली होती. “राहू दे,” हे डब्यात वाकून बघत म्हणाले, “नुसता मळ आहे.”

बरोबर अकराला ती आली. ती म्हणजे यांची शिष्या. सगळं ऑफिस तिला तेच म्हणायचं. यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेली, आता स्वतःच केस पिकायला लागलेली बाई. गळ्यात दोरीला चष्मा, हातात टॉर्च, बगलेत कागद अडकवायची पाटी.

“काकू, कशा आहात? सर, मी नको म्हणाले होते, पण दुसरं कोणी मोकळं नव्हतं,” ती म्हणाली. मग तिने नाक वर केलं आणि थांबली. “सर...”

“छताला हात मारलाय जरा,” हे म्हणाले.

ती हसली नाही. मी तिच्या जागी असते तर लोळून हसले असते. ती शिडी ओढून वर चढली, ओल्या रंगावरूनच अंगठ्याने दाबून बघितलं, यांना वर पाठवून बाथरूमचा नळ दहा मिनिटं सोडून ठेवायला लावला, आणि पुन्हा दाबलं. “जुना डाग आहे. आतून कोरडा. रंग नसता लावलात तरी किरकोळच लिहिलं असतं.”

“मी तेच म्हणत होतो हिला,” हे म्हणाले.

कधी म्हणत होते? पण जाऊ दे.

मग ती खालचं घर फिरली आणि हे तिच्या मागे. स्वयंपाकघरातली तडकलेली फरशी तिने बुटाच्या टाचेने दाबली. हलली नाही. किरकोळ. कपाटाच्या दाराची गेलेली मूठ, किरकोळ. भिंतीतली खिळ्यांची भोकं तिने मोजलीसुद्धा नाहीत. सिंकखाली टॉर्च मारला, पाइपाभोवती कोरडं बोट फिरवलं, ते नाकाला लावलं. ठीक. विजेची बटणं एकेक करून सगळी दाबली. प्रत्येक किरकोळला हे असे खुलत होते, जणू शाळेत बक्षीस मिळतंय. “बघ, घर कसं ठेवलंय,” मला म्हणाले. ठेवलंय कोणी, ते विचारू नका.

मग ती जिन्यापाशी आली आणि खालच्या पायरीशी उभी राहिली. चढली नाही. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर खालपासून वरपर्यंत, कमरेच्या जरा वर, एक काळपट पट्टा होता. वितभर रुंद, मध्ये तर तुकतुकीत झालेला.

“रंग मळलाय,” हे मागून म्हणाले. “पुरला नाही, नाहीतर तेही करणार होतो. लिही किरकोळ.”

“काकू,” तिने वळून विचारलं, “तुम्ही जिना उतरताना हात कुठे ठेवता?”

मी म्हटलं, “भिंतीवर.”

“कठडा असून?”

मी यांच्याकडे बघितलं. ती यांच्याकडे वळली. “सर, पहिल्या वर्षी तुम्हीच मला सांगितलं होतंत. घरातला माणूस खोटं बोलतो, मळ खोटं बोलत नाही. कठडा असूनही भिंत मळलेली दिसली, तर काहीही धरण्याआधी कठडा हलवून बघ.”

तिने हलवून बघितला. करकर करत अख्खा कठडा बाहेर झुकला आणि वरच्या खांबापाशी लाकडाचा भुसा भुरभुरला.

“दुरुस्ती आवश्यक,” ती हळूच म्हणाली आणि लिहायला लागली.

आणि यांचा पारा चढला. “अगं, काय लिहितेस! दोन बोल्ट ढिले आहेत नुसते. मी बत्तीस वर्षं हे काम केलं, मला शिकवतेस? माझ्या घरात येऊन?”

“तुमचं घर आहे म्हणूनच, सर. तुमच्याकडे डोळेझाक केली तर उद्या मी कुठल्या तोंडाने दुसऱ्याच्या घरात लिहू?”

“व्यवहार बोंबलेल माझा!”

“दुरुस्त करा, फोन करा. मी लगेच येऊन बघते.”

“अगं, पण गरज काय त्याची? नियमाला अर्थ असतो काही! अकरा वर्षं तसाच आहे तो. अकरा वर्षांत या जिन्यावरून कोणी पडलेलं नाही!”

“पडलंय,” मी म्हणाले.

म्हणायचं नव्हतं, देवाशपथ. दोन वर्षं नीट दाताखाली धरून ठेवलं होतं. पण ते वाक्य त्यांनी इतक्या ठसक्यात म्हटलं की माझ्या तोंडून निघून गेलं.

“कोण पडलंय?”

“मी. दोन वर्षांपूर्वी. माझा हात मनगटात मोडला होता ना, तेव्हा.”

“तो तर दवाखान्यात मोडला. ओल्या फरशीवरून घसरलीस तू.”

“असं मी सांगितलं. तुम्ही कामाला परगावी होतात तीन दिवस. मी वरून वाळलेल्या कपड्यांची टोपली घेऊन उतरत होते. भिंतीकडचा हात टोपलीला, म्हणून दुसरा कठड्यावर ठेवला. तो झुकला, मी गेले.”

हे माझ्याकडे बघत राहिले. शिष्या खाली मान घालून आपल्या पाटीकडे बघत होती. तिला दुसऱ्या खोलीत जायचं होतं, पण जायला वाट आमच्यामधूनच होती.

“मग ती चटई?” हे म्हणाले.

चटईचं असं झालं होतं. मी दवाखान्यात घसरले म्हटल्यावर यांनी तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दोन पानी तक्रार लिहिली. फरशी ओली ठेवणं हा कसा गुन्हा आहे, ‘ज्याने माणूस पडतो ते आवश्यक’ वगैरे. स्वतः नेऊन दिली. त्या बिचाऱ्यांनी माझी माफी मागितली आणि औषधांच्या खिडकीसमोर चांगली जाड रबरी चटई घातली. पुढचं वर्षभर, निवृत्त होईपर्यंत, मी रोज त्या चटईवरून चालत होते. काय वाटायचं ते माझं मला माहीत.

“चटई चांगली आहे,” मी म्हणाले. “लोकांना उपयोग होतो.”

“मला का नाही सांगितलंस?”

आता काय सांगू! “सांगितलं असतं तर तुम्ही आधी विचारलं असतं, कुठल्या हाताने धरला होतास. मला ते ऐकायचं नव्हतं. आणि...” पुढे मला बोलवेना. पुढचं खरं असं होतं, की हात प्लास्टरमध्ये घेऊन मी वाट बघत होते. न सांगताच यांना कधी समजेल, कधी हे स्वतःहून त्या कठड्याला हात घालतील, याची. वेडेपणाच होता. दोन वर्षं वाट बघितली मी.

“कुठल्या पायरीवरून?” यांनी विचारलं.

“वरून चौथ्या.”

शिष्येने चहा घेतला नाही. ती गेली तसे हे जिना चढून गेले आणि वरून चौथ्या पायरीवर बसले. तासभर बसले असतील. मी खाली भांडी जरा जास्तच आपटत होते. मला राग आला होता, आणि आता यांची कीव करायची पाळी माझ्यावर आली म्हणून आणखी राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बोल्ट, पट्ट्या आणि नवीन खांब घेऊन आले. सुताराचं नाव काढलं तर डोळे वटारले. मग सुरू झालं. “अगं, पाना कुठे आहे?” “अगं, इथे धर जरा.” “अगं, सरळ धर, झुकवू नकोस!” मी म्हटलं, झुकायची सवय तुमच्या कठड्याला आहे, मला नाही. हे हसले नाहीत. एरवी हसले असते. जुना खांब काढला तर खाली भोकातलं लाकूड पार कुजून भुगा झालं होतं. यांनी तो भुगा तळहातावर घेतला, बघत राहिले, आणि मग खिशात टाकला. खिशात! धुवायची मला होती ती पँट.

दुपारी दोनपर्यंत काम संपलं. मी घड्याळात बघितलं. पाच तास. अकरा वर्षांचं काम पाच तासांत झालं! हसावं की रडावं मला कळेना, म्हणून मी भांडले.

“झाला ना? बँकेने सांगितलं तेव्हा झाला. त्या मास्तरांच्या बायकोला धरायला झाला. मी आता जाणार तिथे जिनाच नाही. माझ्यासाठी काही झालं नाही हे.”

हे खालच्या पायरीवर बसून पाना फडक्याने पुसत होते. “नाही झालं,” म्हणाले.

दुसरं काहीही म्हणाले असते तरी चाललं असतं. कामाचा ताण म्हणाले असते, विसरलो म्हणाले असते, तर मला पुढे भांडता आलं असतं. इतकं सरळ ‘नाही झालं’ म्हटल्यावर मी काय करणार? मी आत जाऊन चहा ठेवला.

सोमवारी शिष्या परत आली. मी वर कपडे भरत होते, खालून आवाज ऐकू येत होते. तिने कठडा आधी हाताने हलवला, मग खांद्याने रेटला, मग सगळं वजन टाकून लोंबकळली की काय कोण जाणे. “पक्का आहे, सर. घर पडेल, पण हा राहील.”

“अगं, ये गं खाली,” यांनी हाक मारली. “हिला उतरून दाखव.”

मी जिन्याच्या तोंडाशी आले. खाली हे दोघं मान वर करून उभे. हे अगदी शेवटच्या पायरीपाशी, नव्या खांबावर हात ठेवून. केसांत अजून लाकडाचा भुसा होता, तीन दिवस झाले तरी. मी मनाशी ठरवलं होतं की कठडाच धरायचा. पाच तास राबलाय माणूस, एवढं तर करू. गुडघे सांभाळत मी उतरायला लागले. एक, दोन, तीन.

चौथ्या पायरीवर माझ्या लक्षात आलं. हात भिंतीवर होता. मी ठेवला नव्हता, तो आपला आपण गेला होता, त्या काळ्या पट्ट्यावर, रोजच्या जागी. तिथून तो काढून पलीकडे न्यायचा तर जिन्याच्या मधोमध क्षणभर कशालाच न धरता उभं राहावं लागणार होतं. नाही जमलं मला. मी तशीच भिंतीने उतरत राहिले. खाली बघितलं नाही, पण यांची नजर माझ्या हातावर आहे हे मला कळत होतं.

शिष्येने घसा साफ केला आणि पाटीवर पेन टेकवलं. “कठडा, दुरुस्ती पूर्ण. आणि भिंतीवर हाताचा मळ...”

“तो किरकोळमध्ये लिहू नकोस,” हे म्हणाले.

“मग कशात लिहू, सर? रकाने दोनच आहेत. आवश्यकमध्ये लिहिलं तर कागद पुन्हा अडेल. काकूंचं घर जाईल.”

मी शेवटून तिसऱ्या पायरीवर थांबले होते. बत्तीस वर्षांत हजार वेळा सहज म्हटलेला तो शब्द यांच्या तोंडातून निघत नव्हता. ओठ हलत होते नुसते.

“लिही,” शेवटी म्हणाले. “किरकोळ लिही.”

ती लिहून, सही करून निघून गेली. मी उरलेल्या पायऱ्या उतरत होते. यांनी कठडा सोडला आणि माझ्यापुढे हात धरला. मी आधी माझी माझी शेवटची पायरी उतरले. मग तो हात धरला, पण धरण्याआधी जरा हलवून बघितला.